चांदणीच्या दाण्याची वेळ

ताई, नमस्कार.

आम्ही मिरजेचे. मिस्टर बँकेत आहेत, पण जीव सगळा नाटकात. सासरे नाटकवेडे होते, दीर प्रकाशयोजना करतात, मीही लग्नाआधी राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली. आता वेशभूषा बघते. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. तालमीच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपून ती मोठी झाली. सगळ्यांचे संवाद तिला पाठ असतात, विंगेतून प्रॉम्प्टिंगही करते.

आमच्या मागच्या गल्लीत एक चाचा वरातीला घोडी देतात. चांदणी नाव तिचं. दोन वर्षांपासून शाळा सुटली की मुलगी तिकडे. यंदा मिस्टरांनी बालनाट्य बसवायला घेतलं आणि मुख्य भूमिका तिला दिली, तर तिने सरळ नाही म्हटलं. तालीम संध्याकाळी सहाला आणि चांदणीच्या दाण्याची वेळही तीच. मिस्टर म्हणाले, "नाटक कर, मग उन्हाळ्यात घोडेस्वारीच्या क्लासला घालतो." तिचं उत्तर, "मला क्लास नकोय." तेव्हापासून बापलेकीत अबोला आहे. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला घोडे कशाला. त्यात परवा वरातीत डीजेसमोर चांदणीला नाचवताना पाहून ती रडत घरी आली, जेवलीही नाही.

आमचं काय चुकतंय? नाटक आणि घोडा यांच्या ओढाताणीत तिचं बालपण निसटून चाललंय का?

— एक आई, मिरज

नमस्कार.

सगळ्यात आधी तो सौदा मागे घ्या. "नाटक कर, मग क्लासला घालतो" हे वाक्य तुमच्या मिस्टरांनी प्रेमापोटीच म्हटलं असणार, पण त्यातून मुलीला कळलं ते असं: नाटक हा भरायचा दंड आहे आणि घोडा हे त्याबदली मिळणारं बक्षीस. हा हिशेब एकदा पोरांच्या डोक्यात बसला की दोन्हीतली गोडी जाते. बाबांनी तिला जवळ बसवून एवढंच सांगावं, "नाटकाचा आणि चांदणीचा एकमेकांशी संबंध नाही. मी जोडला होता, तो आता सोडला." त्यापुढे समजावणीचं भाषण नको.

"मला क्लास नकोय" या उत्तरात उद्धटपणा शोधू नका. तिने फार नेमकं सांगितलंय. क्लासमध्ये फी भरून घोड्यावर बसायला मिळतं. तिला बसायची घाई नाही. संध्याकाळी सहा वाजता जी घोडी दाराकडे कान करून उभी असते, तिच्यापाशी तिला पोचायचंय. अकराव्या वर्षी आपली कुणीतरी वाट बघतं, आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडतं, हे कळणं ही लहान गोष्ट नाही. मुलं जबाबदार व्हावीत म्हणून आपण किती डोकं फोडतो! तुमची मुलगी आपणहून झाली आहे.

आणि हे ती शिकली कुठे? तुमच्याच हॉलमध्ये. हौशी नाटकात कुणाला पैसा मिळत नाही. दिवसभर बँक, शाळा, दुकान, एमआयडीसी करून माणसं संध्याकाळी जमतात आणि त्यातला एक आला नाही तरी तालीम खोळंबते. एखादा नट उशिरा आला की सगळ्यांचे चेहरे कसे होतात, ते तिने सतरंजीवरून पाहिलंय. वेळ पाळायची असते आणि ती आपल्यासाठी नाही तर दुसऱ्यासाठी पाळायची असते, हे तिच्या अंगात मुरलंय. आता ती एका घोडीची वेळ पाळते आहे. तिने तुमचंच व्रत उचललंय, देव तेवढा वेगळा निवडला.

तुमच्या मिस्टरांचं दुखणं मला कळतं. सांगली-मिरजेत नाटक हा नुसता छंद नसतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिला प्रयोग केला, म्हणून त्या मातीला नाट्यपंढरी म्हणतात. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन आला की गावाचा ऊर भरून येतो. अशा गावात दोन पिढ्या नाटकात घालवलेल्या घरातली मुलगी मुख्य भूमिकेला "नाही" म्हणाली, म्हणजे बापाला वाटणार की ती आपल्यालाच नाही म्हणाली. पण तसं झालेलं नाही. तिने एक भूमिका नाकारली, घर नाकारलेलं नाही. जी मुलगी विंगेत उभी राहून सगळ्यांचे संवाद सांभाळते, तिला नाटकाचा कंटाळा आहे असं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

प्रॉम्प्टरचं काम किती नाजूक असतं, हे तुम्ही उभयता जाणता. नट थांबलाय तो विसरल्यामुळे की जागा घ्यायची म्हणून, हे क्षणात ओळखावं लागतं. ओळखण्यात चूक झाली की एक तर प्रसंग पडतो, नाही तर नटाची सुंदर घेतलेली शांतता मोडते. अकरा वर्षांच्या मुलीला ते जमत असेल तर तिच्या हातात फार मोठी गोष्ट आहे, आणि घरात कुणी तिला तसं म्हटलंय का, याबद्दल मला शंका आहे. आपल्याकडे बालनाट्यात मुलाचं कौतुक म्हणजे भूमिका, भूमिका म्हणजे मोठी भूमिका, आणि पुढे बक्षीस. विंगेतल्या पोराला टाळी नाही. यंदा तिला संहिता हातात द्या आणि त्या बालनाट्याची प्रॉम्प्टर म्हणून पत्रिकेत तिचं नाव छापा. जबरदस्तीने उभी केलेली मुलगी तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही कळते, हे दिग्दर्शकाला मी सांगायची गरज नाही.

वेळेचा तिढा मला तुम्हाला वाटतो तेवढा मोठा दिसत नाही. दिवाळी झाली की तुमच्याकडे स्पर्धांची धावपळ आणि तुळशीचं लग्न लागलं की चाचांकडे लग्नसराईची. दोन्ही हंगाम एकाच वेळी येतात, म्हणून टक्कर होते. पण कुणाची शिफ्ट, कुणाची ट्यूशन, कुणाच्या घरचं आजारपण सांभाळून हौशी दिग्दर्शक वर्षानुवर्षं तालमी लावतच असतो. मुलीसाठी तालीम सहाची सातला नेता येणार नाही का? नाही नेता आली, तर आठवड्यातले काही दिवस तिचे घोडीकडे आणि काही हॉलमध्ये, असं तिच्याशीच बसून ठरवा. तारखा तिला स्वतःला कॅलेंडरवर मांडू द्या.

मिस्टरांना आणखी एक गोष्ट सांगा. विष्णुपंत छत्रे हे नाव त्यांना माहीत असेल. 1880च्या सुमारास ग्रँड इंडियन सर्कस उभी करणारे हे गृहस्थ घोडे शिकवण्यात वस्ताद होते आणि त्याच वेळी ग्वाल्हेरच्या हद्दू खाँकडे गाणं शिकले होते. त्याच घराण्यातल्या रहिमत खाँना त्यांनी पुढे सांभाळलं, सर्कशीबरोबर फिरवलं, लोकांपुढे गायला बसवलं. एका माणसात खोगीर आणि ख्याल सुखाने नांदले. कलेच्या घरात घोडा उपरा असतो, असं मानायचं कारण नाही.

आता चांदणीकडे वळते, कारण तुमच्या पत्रात तिच्याविषयी फार थोडं आहे आणि मला काळजी तिथली आहे.

तुम्ही स्वतः त्या तबेल्यात किती वेळा गेलात? एकदा दोघेही संध्याकाळी जा. फोटो, व्हिडिओ काही नको; नुसते बाजूला उभे राहा आणि ती काय करते ते बघा. ती खरारा करत असेल तर मानेपासून मागे, केसांच्या दिशेने करते का? घोडीच्या मागून जाताना दोन हात लांबून जाते का? घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोर अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं. गरीब घोडीसुद्धा या दोन जागांवर अचानक काही हललं की दचकते आणि लाथ झाडते, त्यात तिचा राग नसतो. म्हणून जवळ जायचं ते डाव्या खांद्याच्या बाजूने, आधी आवाज देऊन. कान पुढे असतील तर तिचं लक्ष आहे, कान मागे मानेला चिकटले तर तिथेच थांबायचं. मला खात्री आहे की यातलं बरंचसं तुमची मुलगी तुम्हालाच शिकवेल. तिला शिकवू द्या.

पण काही गोष्टी आईबापांनीच बघायच्या. तबेल्यात चप्पल चालणार नाही, बंद बूट हवेत; साताठ मणांच्या जनावराचा खूर पायावर पडला तर बोटं राहत नाहीत. चाचा किंवा दुसरं मोठं माणूस नसताना ती एकटी आत जाणार नाही, हा नियम पक्का. घोड्यांच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा दहाव्या वर्षीची टीडीची लस झाली आहे ना, ते कार्ड काढून बघा. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा एक रोग माणसालाही होतो; सरकारी पशुवैद्यकांकडून घोडीच्या रक्ताची तपासणी करून घेता येते. चाचांना त्याबद्दल विचारा, आणि विचारताना संशयाचा सूर नको. ते तुमच्या मुलीला दोन वर्षं आपल्या जनावरापाशी येऊ देताहेत, हा त्यांचा मोठेपणा आहे. पाठीवर बसायचं झालं तर हेल्मेट घातल्याशिवाय नाही, गल्लीतल्या गल्लीतसुद्धा नाही.

खाण्याचंही सांगते, कारण प्रेमळ मुलं इथेच घात करतात. घोड्याला उलटी होत नाही. त्याचं पोट अंगाच्या मानाने लहान असतं आणि दिवसभर थोडी थोडी वैरण चघळत राहणं हा त्याचा धर्म. उरलेल्या पोळ्या, लग्नातले लाडू, मूठभर जास्तीचा हरभरा यांनी पोटशूळ उठतो आणि त्यात धडधाकट घोडी एका रात्रीत जाते. तेव्हा चाचांनी मोजून दिलेला दाणा आणि तोच. बाकी लाड हातांनी करायचे.

क्लासचं म्हणाल तर तो वाईट नाही. चाचांकडे ती घोडी सांभाळायला शिकते आहे. नीट बसणं, लगाम हलका धरणं, पडताना कसं पडायचं हे शिक्षकाकडून शिकलेलं बरं. पण तिने मागितल्यावर. आणि कृपा करून, तिला घोडे आवडतात म्हणून आतापासूनच शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या गोष्टी काढू नका. मुलाचं एखादं वेड दिसलं की आपण लगेच त्याचं करिअर करायला निघतो. अजून ती सहावीत असेल.

आता त्या वरातीचं. तुमची मुलगी रडली, ते बरोबर रडली. आपल्याला ज्या आवाजाने छातीत धडधडतं, तो आवाज घोड्याच्या कानांना किती असेल? वर फटाके, डोळ्यांवर दिव्यांचा झोत, अंगावर जडशीळ साज, आणि नाचवायचं म्हणून तोंडात दिलेला हिसका. तिने ते पाहिलं कारण ती चांदणीला ओळखते. बाकीच्या वऱ्हाडाला सजवलेली पांढरी घोडी दिसली. "असंच असतं गं, त्यांना सवय असते" असं म्हणून तिची समजूत काढू नका. ते खरं नाही आणि तिला ते माहीत आहे.

पण चाचांना खलनायकही करू नका. त्या घोडीच्या वैरणीचा खर्च वर्षभर असतो आणि कमाई लग्नाच्या मोजक्या तिथींना. तिने रडण्याच्या पुढे काय करायचं, ते तुम्ही तिला दाखवू शकता. चाचांशी सावकाश बोला: सुपारी घेतानाच यजमानांना सांगता येतं की घोडी डीजेच्या गाडीपासून लांब, बँडच्या मागे चालेल. कानांत कापसाचे बोळे घालता येतात. दोन वरातींमध्ये पाणी आणि सावली हवीच. आणि लगाम बघा. तोंडात जाणाऱ्या कडीला आतून काटे असतील तर तसा काटेरी लगाम जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1965च्या नियमांनुसार बेकायदा आहे. जिभेला आणि गालाला आतून जखमा होतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तो काढून साधी गुळगुळीत कडी घालायची झाली तर नव्या लगामाचा खर्च तुम्ही करा. मुलीच्या वाढदिवसाला याहून चांगली भेट मला सुचत नाही. तुमच्या नातेवाइकांत पुढचं लग्न निघेल तेव्हा घोडी कशी चालवायची, हे तुमच्या घरातून ठरू दे. तिच्या अश्रूंचा कुणीतरी उपयोग केला, एवढं तिला दिसलं पाहिजे.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना वारीतलं रिंगण आठवत असेल. माउलींचे अश्व येतात ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडून, आणि अंकली तुमच्यापासून काही फार लांब नाही. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिथे माउली बसलेली असते. अश्व दौडून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला बायाबापडे धावतात. त्यात आजीबाईच जास्त! पुढच्या आषाढात लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होईल, किंवा माळशिरसच्या बाजूला गोल रिंगण होईल, तेव्हा सासूबाईंनी नातीला सोबत न्यावं. तुम्ही दोघं जाऊ नका, त्या दोघींनाच जाऊ द्या. "मुलीच्या जातीला" या शब्दांचं उत्तर नात देईल. वाटेत जमलं तर तिने आजीला हेही सांगावं की 2023 साली हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीचं सुवर्ण मिळालं, एक्केचाळीस वर्षांनी, आणि त्या चौघांच्या संघात दोन मुली होत्या, तर एक मुलगा आपल्या मुंबईचा.

अभ्यासाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणजे तो ठीक चालला असावा. झोप पुरते ना, एवढं बघा. प्रयोगाच्या आदल्या रात्री सेट लावताना मध्यरात्रीपर्यंत जागणं वेगळं आणि महिनाभर रोज अकरापर्यंत तालमीत बसणं वेगळं. शाळेच्या दिवसांत साडेनऊला कुणीतरी तिला घरी आणावं.

बालपण निसटतंय का, असं तुम्ही विचारलंत. मला तसं वाटत नाही. ज्या मुलीला संध्याकाळी जायला दोन जागा आहेत, दोन्हीकडे खरी कामं आहेत आणि दोन्हीकडची मोठी माणसं तिला नावाने हाक मारून काम सांगतात, तिचं बालपण भरलेलं आहे. घरातला अबोला मात्र तिला खरोखर खातोय. तो बाबांनी मोडायचा, तिने नाही. आज रात्रीच.

एक गोष्ट अजून राहिली, आणि ती अवघड आहे. चांदणीचं वय तुम्ही लिहिलं नाही. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, पण वरातीच्या घोडीला इतकी वर्षं कुणी ठेवत नाही. पाय थकले, अंगाची झळाळी गेली की मालक ती विकतो. अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात नेतो, नाहीतर दाराशी आलेल्या व्यापाऱ्याला देतो. चाचा चांगले असले तरी त्यांनाही पोट आहे. तेव्हा एकदा मुलगी नसताना त्यांच्याकडे जा आणि सरळ विचारा: घोडी किती वर्षांची, अजून किती हंगाम चालवणार, पुढे काय करणार. विकायची वेळ आली तर आधी आम्हाला कळवा, एवढा शब्द घ्या. तुम्ही ती विकत घ्यावी असं मी म्हणत नाही. घोडी पोसणं बँकेच्या पगारात आणि मिरजेतल्या घरात जमणारं नाही, आणि तसं खोटं आश्वासनही तिला देऊ नका. पण शाळेतून धावत गेली आणि खुंटा रिकामा दिसला, असं तिच्या बाबतीत होऊ नये. तिला निरोप द्यायला दिवस मिळाले पाहिजेत, शेवटचा खरारा तिच्या हातून झाला पाहिजे, आणि घोडी कुणाकडे चालली आहे ते तिला माहीत असलं पाहिजे. चाचांशी हे बोलणं लग्नसराई संपायच्या आत करा.